राख सावडताना जे हाताला लागतं

तिसऱ्या दिवशी स्मशानात राख सावडायला गेलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, चिता कितीही पेटली तरी हाडं उरतातच, पांढरी, हलकी, बोटात धरली की चुरा होणारी. पण खून करून बॉडी पेटवणाऱ्याला वाटतं की आता सगळं मिटलं.

२ जुलै १९९५ ची रात्र. दिल्लीत एका हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटचा तंदूर भडकलेला, गस्तीवरच्या कॉन्स्टेबलला ज्वाळा दिसल्या आणि तो भिंत चढून आत गेला. तंदूरमध्ये एका तरुणीचा मृतदेह होता.

आता अशा वेळी डॉक्टर काय बघतात? हात कोपरात वाकलेले, मुठी आवळलेल्या, जणू बॉक्सर उभा आहे. नातेवाईक बघतात आणि म्हणतात शेवटपर्यंत झुंजली असेल हो. पण तसं नसतं, उष्णतेने स्नायू आखडतात, जिवंत असो वा आधीच मेलेला, हात असेच वळतात. कातडी तडकून पडलेल्या भेगासुद्धा चाकूच्या जखमांसारख्या दिसतात, फक्त त्यात रक्त उतरलेलं नसतं.

खरं काय ते श्वासनलिका उघडल्यावर कळायला लागतं. आतल्या ओलसर अस्तरावर काळी काजळी चिकटलेली असेल तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. जोडीला रक्तात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, तपासतात, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. पण काजळी नाही म्हणजे आधीच मेला होता असंही घाईने म्हणून चालत नाही, एकदम भडका उडाला तर माणूस काजळी आत जायच्या आधीच जातो.

हाडाचा रंगही बोलतो. आधी काळं, मग राखाडी, मग खडूसारखं पांढरं, आणि पांढऱ्या हाडातून डीएनए मिळणं फार अवघड. दाढा मात्र गाल आणि जिभेच्या आडोशाला बऱ्याचदा टिकतात.

दिल्लीच्या केसमध्ये पहिल्या पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यू भाजल्यामुळे झाला असं आलं. कुणी एक्स-रे काढलाच नव्हता. दुसऱ्या वेळी काढला, आणि त्या फिल्मवर डोक्यात आणि मानेत गोळ्या दिसल्या. ओळखीसाठी आईवडिलांचं रक्त घेतलं, नमुने हैदराबादच्या लॅबमध्ये गेले, आणि डीएनए जुळला.