गळ्याविषयीची ती एक ओळ

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात शिरोळकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो संपलेली, रेडिएशन तेवढं बाकी. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी फाइल काढली. "डॉक्टर, छाती, लिव्हर, हाडं चांगली हायत म्हणं. मग ह्ये गळ्याचं काय लिवलंय?" पेट स्कॅनच्या, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठं आहे ते शोधायच्या तपासणीच्या, रिपोर्टमधल्या एका ओळीखाली मुलानं पेनानं दोनदा रेघ ओढली होती. थायरॉईडच्या उजव्या बाजूला एका जागी औषध जास्त शोषलं गेलंय, एवढंच तिथं होतं. त्या ओळीपायी घरात चार दिवस कुणाला घास गोड लागला नव्हता.

पेट स्कॅनला शिरेतून देतात ते औषध म्हणजे एक प्रकारची साखरच. तिला फ्लोरीन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. दर 110 मिनिटांनी त्याचा जोर निम्म्यावर येतो. गुऱ्हाळावर भुकेलं पोर रसाकडे आधी धावतं, तशा भुकेल्या पेशी ही साखर आधी ओढतात आणि स्कॅनवर उजळतात. कॅन्सरच्या पेशी भुकेल्या असतात, पण सुजेच्या पेशीही असतात, आणि थायरॉईडची साधी गाठसुद्धा.

असे स्कॅन करून घेणाऱ्या शंभरातल्या एक-दोघांच्या थायरॉईडमध्ये असं काहीतरी अचानक सापडतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: सगळी ग्रंथी उजळलीय की एकच ठिपका? सगळी उजळली असेल तर बहुतेक वेळा थायरॉईडला सूज असते. थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं टीएसएच हे हार्मोन तपासून पुढचं ठरतं. एकच ठिपका असेल, तर साधारण तिघांतल्या एकाला तिथं कॅन्सर निघतो. हा आकडा मी पेशंटपासून लपवत नाही. तिघांतले दोघे सुटतात, हेही त्याच वाक्यात सांगतो.

ठिपका असला की गळ्याची सोनोग्राफी करतात. गाठ सेंटीमीटरभर किंवा मोठी असेल तर बारीक सुईनं थोड्या पेशी काढून तपासतात. इथं घोडं अडतं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी कागलपासून गडहिंग्लजपर्यंत ऐकलंय. या भीतीनं माणसं तपासणी सोडून घरी जातात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. थायरॉईडच्या सुईनं कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मिळ आहे. रक्त काढायच्या सुईसारखी ती सुई, काही मिनिटांचं काम.

आता घाई कुठं करायची नाही, तेही ऐका. थायरॉईडचा नेहमी आढळणारा पॅपिलरी कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो. मूळ आजार फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा असेल आणि पुढं गेलेला असेल, तर गळ्याला हात न लावणंच बरेचदा शहाणपणाचं ठरतं. ते कॅन्सरच्या डॉक्टरांसोबत बसून ठरवा. मात्र ती ओळ कुणी वाचलीच नाही, असं होऊ देऊ नका. सारांशात नसलेली अशी ओळ एकदा माझ्याही नजरेतून सुटली होती. तेव्हापासून मी रिपोर्ट शेवटच्या पानापर्यंत वाचतो.

मावशींनी सुई करून घेतली. पॅपिलरी निघाला. आधी रेडिएशन पुरं केलं, मग गळ्याचं ऑपरेशन. आता सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, आणि अर्ध्या तासानं चहा.