वॉर्डातलं संशोधन : रुग्ण चाचणीत येतो कसा, टिकतो कसा

(दृश्य : ऑपरेशन थिएटरमधलं घड्याळ. सिरिंजमध्ये भरलं जाणारं औषध.)

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया. रुग्णाला भूल दिलेली आहे. चिरा घेण्याआधी सर्जन गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन देतात. दाढ काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच औषध, अर्धा टक्का तीव्रतेचं. मग सात ते दहा मिनिटं थांबायचं. त्यानंतर शस्त्रक्रिया नेहमीसारखीच.

गाठ काढताना तिला हात लागतो, ती दाबली जाते आणि त्या वेळी काही पेशी शरीरात इतरत्र पसरू शकतात. लिडोकेन पेशींच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटा बंद करतं. मग हे पसरणंही त्यानं कमी होईल का? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांवर या प्रश्नाची चाचणी झाली. 1,600 स्त्रिया, दोन गट : एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला नाही. निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर आजार न उलटता हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात 86.6 टक्के होतं, दुसऱ्या गटात 82.6 टक्के.

औषध जुनं, स्वस्त, कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात सापडणारं. अशा औषधावर कंपनी पैसा घालत नाही. हे काम शिकवणाऱ्या रुग्णालयांनीच करायचं असतं, आणि त्यांनी ते आणखी करावं असं आमचं ठाम मत आहे.

(दृश्य : सकाळची ओपीडी. केस पेपर हातात घेऊन बसलेली माणसं.)

पण अशा रुग्णालयात एक अडचण कायमची असते. जे डॉक्टर उपचार करतात, तेच चाचणीबद्दल विचारतात. गावाहून पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस डॉक्टरांसमोर बसतो. त्याला विचारलं, ‘‘अभ्यासात भाग घ्याल का?’’, तर उत्तर ठरलेलं असतं : ‘‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’’ हा होकार धरायचा नाही. नाही म्हटलं तर खाट मिळणार नाही, औषध बंद होईल, ही भीती त्यात असू शकते. चाचणीचे पुढचे बरेच नियम या एका अडचणीसाठी आहेत.

(दृश्य : बैठकीची खोली. टेबलावर प्रोटोकॉलच्या, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्याच्या, जाड फायली.)

पहिली चाळणी एथिक्स कमिटीची, म्हणजे चाचणी रुग्णांच्या हिताची आणि हक्कांची काळजी घेते का हे तपासणाऱ्या समितीची. 2019 च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार कमिटीत किमान सात सदस्य हवेत. त्यांतले निम्मे तरी रुग्णालयाबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच. एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातला, किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक. या सामान्य नागरिकाचं काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. ‘आठवड्यातून तीनदा रक्त घेणार, ते किती?’ असं तोच विचारतो. माहितीपत्रकात ‘15 मिली’ लिहिलेलं असतं, आणि तीन चमचे असं लिहा म्हणून तो ते परत पाठवतो.

मंजुरी मिळाली की चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत करायची. औषध नियंत्रकांच्या परवानगीनं होणाऱ्या चाचण्यांना जून 2009 पासून ही नोंद सक्तीची आहे. आधी नोंद, मग पहिला रुग्ण. काय मोजणार ते आधीच जाहीर केलेलं असलं, की निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजमाप बदलता येत नाही.

(दृश्य : वॉर्डाशेजारची छोटी खोली. समोरासमोर बसलेले रुग्ण, त्यांची मुलगी आणि कोऑर्डिनेटर, म्हणजे चाचणीचं रोजचं काम बघणारी व्यक्ती.)

आता संमती. इथे घाई झाली की पुढचं सगळं डळमळतं.

माहितीपत्रक रुग्णाच्या भाषेत हवं. मराठी भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडून बघतात. तरी ‘यादृच्छिक’ असला शब्द त्यात राहून जातो, आणि तो वॉर्डात कुणालाच कळत नाही. ‘‘तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, मी ठरवणार नाही,’’ असं सांगितलं की लगेच उमगतं. ‘प्लासिबो’ म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी, हेही स्पष्ट सांगायचं. सांगून झालं की रुग्णालाच विचारायचं : ‘‘काकू, आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत?’’ काकू म्हणाल्या ‘‘नवीन, चांगलं औषध देणार’’, तर पुन्हा पहिल्यापासून. औषध चांगलं आहे हे माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती?

मग कागद घरी न्यायला द्यायचा. मुलाशी, सुनेशी, गावातल्या डॉक्टरांशी बोलू द्यायचं.

सही करताना तारीख रुग्णानं स्वतःच्या हातानं घालायची. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा, आणि चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार. हा साक्षीदार सगळं बोलणं होताना तिथे बसलेला हवा. शेवटी बोलावून सही घेतलेला चालत नाही. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नावही असतं. वारसाचं नाव आलं की बायामाणसं दचकतात. ते नुकसानभरपाईसाठी आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सही झालेली एक प्रत रुग्णाच्या हातात गेलीच पाहिजे. असुरक्षित गटातल्या, म्हणजे मोकळेपणानं नाही म्हणणं ज्यांना अवघड असतं अशा, रुग्णांवर पूर्णपणे नव्या रसायनाची चाचणी असेल, तर या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं.

चुका कुठे होतात? रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, सकाळच्या राउंडला नेहमीच्या रक्तासोबत चाचणीचीही एक बाटली भरून घेतो, आणि संमती दुपारी होते. कागदावर रक्ताची वेळ 8.20, सहीची 1.15. हा प्रोटोकॉलचा भंग आहे आणि तो कमिटीला कळवावा लागतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॉर्म बदललेला असतो, पण ड्रॉवरमध्ये जुन्या आवृत्तीचा गठ्ठा तसाच राहतो. नवा फॉर्म आला त्याच दिवशी जुने सगळे बाद करायचे.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर उमटलेला गट. शेजारी बंद लिफाफा.)

गट ठरवणं हे डॉक्टरांच्या हातात ठेवत नाहीत. पुढची चिठ्ठी कोणती हे डॉक्टरांना कळलं, तर अशक्त रुग्ण नकळत एका गटात जमा होतात. मोठ्या चाचण्यांत हे लांबच्या केंद्रावरून, संगणकानं होतं. लहान चाचण्यांत क्रमांक घातलेले बंद लिफाफे असतात. लिफाफा उजेडासमोर धरून आतलं दिसता कामा नये. रुग्णाचं नाव वर लिहायचं, मगच फोडायचा.

(दृश्य : फ्रिजवरचा तापमापक. तापमानाची वही.)

औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असेल तर रोज कमाल-किमान तापमान लिहायचं. शनिवार-रविवारी वीज गेली आणि पारा 12 वर चढला, तर सगळा साठा बाजूला काढून, खूण करून, विचारणा करून उत्तर येईपर्यंत वापर बंद.

(दृश्य : कोऑर्डिनेटर फोनवर. समोर फॉलो-अपचं, म्हणजे रुग्णांच्या पुढच्या भेटींचं, रजिस्टर.)

लिडोकेनच्या चाचणीकडे पुन्हा बघू. आजार उलटणं किंवा मृत्यू अशा घटना इंजेक्शन न मिळालेल्या गटात 146 झाल्या, इंजेक्शनच्या गटात 109. फरक 37 चा. सोळाशे जणींतून चाळीसेक जणींचा पत्ता लागला नसता, तरी या निकालावर भरवसा ठेवणं अवघड झालं असतं. फॉलो-अपला इतकं महत्त्व आहे.

रुग्ण सुटतात त्याची कारणं साधी असतात. मोबाइल नंबर बदलतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंब ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यातच परततं. बरं वाटायला लागलं की तिकिटाला पैसे कशाला, असं घरात ठरतं. म्हणून पहिल्याच दिवशी तीन नंबर घ्यायचे : रुग्णाचा, घरातल्या एकाचा आणि शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा, अर्थात रुग्णाला विचारूनच. काही आजारांची घरीसुद्धा वाच्यता झालेली नसते, तिथे फोनवर फक्त ‘दवाखान्यातून बोलतोय’ एवढंच. प्रवासखर्च त्याच भेटीत हातात द्यायचा. भेटीला तीन दिवस मागेपुढे चालत असेल, तर तारीख बाजाराचा दिवस बघून द्यायची. आणि दर वेळी सांगायचं की गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, घेऊन या. किती गोळ्या पोटात गेल्या हे त्यावरूनच मोजतात. सगळ्या पट्ट्या न चुरगळलेल्या, गोळ्या न घेता एकदमच फोडून टाकल्यासारख्या दिसल्या तर रागवायचं नाही. गोळीनं मळमळतं का, हे विचारायचं.

(दृश्य : रात्रीचा वॉर्ड. नर्सिंग स्टेशनवरचा फोन.)

चाचणीतल्या रुग्णाला दाखल करावं लागलं, जिवाला धोका झाला किंवा मृत्यू आला, तर ती गंभीर घटना. डॉक्टरांनी ती 24 तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक (चाचणी चालवणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. कारणाचा सविस्तर अहवाल 14 दिवसांत. यात उशीर होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं : रुग्ण दुसऱ्याच दवाखान्यात दाखल होतो आणि तिथे चाचणीबद्दल कुणालाच माहीत नसतं. म्हणून चाचणीचं कार्ड पाकिटात, आधार कार्डासोबत ठेवायला सांगतात. त्यावर रात्रीही उचलला जाईल असा नंबर हवा.

चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेल तोवर, किंवा ती चाचणीमुळे झालेली नाही हे ठरेपर्यंत, उपचार मोफत मिळाले पाहिजेत. मृत्यू चाचणीमुळे झाल्याचं ठरलं, तर भरपाई सूत्रानं काढतात. आधाररक्कम आठ लाख, तिला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा गुणांक. रुग्णाचं वय केस पेपरवर अंदाजानं लिहिलेलं असेल, तर या हिशेबात वारसाचं नुकसान होऊ शकतं. पहिल्या भेटीतच वयाचा पुरावा बघून घ्यावा.

(दृश्य : सीटीआरआयचं संकेतस्थळ. शोधाच्या चौकटीत आजाराचं नाव टाइप होतं.)

आपल्याला किंवा घरच्यांना चाचणीबद्दल विचारलं गेलं, तर नोंदणी क्रमांक मागून घ्या. सीटीआरआयवर तो टाकला की चाचणी कुठे चालू आहे, कोण करतंय, पैसा कुणाचा, कोणत्या एथिक्स कमिटीनं मंजुरी दिली, हे सगळं दिसतं. ती नोंद कुणालाही, पैसे न भरता पाहता येते. एथिक्स कमिटीचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो. तक्रार असेल तर डॉक्टरांना न विचारता थेट तिथे फोन करता येतो. आणि चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. कारण सांगावं लागत नाही. नेहमीचे उपचार त्याच ओपीडीत, त्याच केस पेपरवर चालू राहतात.