थरारपटाची पहिली पाच मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. बाबूराव पेंटर यांनी याच कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्याने 'सैरंध्री' हा मूकपट चित्रित केला आणि १९२० साली तो लोकांपुढे आला, तेव्हा त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की सेन्सॉरने ते कापायला लावले. प्रेक्षकाला हादरवण्याचे कसब आपल्या गावाला असे शंभर वर्षांपासून अवगत आहे. हादरा मात्र घटकाभरात ओसरतो. थरारपटाच्या आरंभी लागतो तो ताण, म्हणजे पडद्यावर अजून काहीच घडलेले नसताना प्रेक्षकाने खुर्चीत पुढे सरकून बसावे, असे काहीतरी.

ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये सुरुवातीलाच एक हात बॉम्बचे घड्याळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत जातो आणि काहीही ठाऊक नसलेले एक जोडपे त्या मोटारीत बसून मेक्सिकोच्या सीमेवरील गावातून निघते. तीन मिनिटांहून अधिक काळ चालणाऱ्या त्या सलग शॉटमध्ये गाडी रहदारीत अडकते, पुढे जाते, पुन्हा थांबते. सीमेवरच्या नाक्यावर गाडीतील बाई डोक्यात टिकटिक होत असल्याची तक्रार करते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही, आणि रस्ता काही केल्या मोकळा होत नाही. ताण आहे तो या खोळंब्यात.

आपल्याकडे पुष्कळदा पहिल्याच चौकटीपासून ढोल वाजू लागतात. भिण्याजोगे काही दिसण्याआधीच संगीत भ्यायला सांगू लागले, तर प्रेक्षक निवांत मागे रेलतो. याउलट फ्रिट्झ लांग यांनी १९३१ साली, आपल्या पहिल्याच बोलपटात, मुलीची वाट पाहणारी आई, मांडून ठेवलेले ताट, घड्याळाचे टोल आणि रिकाम्या जिन्यावर घुमणारी तिची हाक, एवढ्यावरच अंगावर काटा आणला.

असाच आरंभ आपल्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर मांडता येईल. रात्रीची वेळ, म्हशी ओळीने उभ्या. समोरच्या बोळात एक माणूस वर्तमानपत्रात कोयता गुंडाळतो, ते आपण आधीच पाहिले आहे. कट्ट्यावर चेक्सच्या शर्टातला तरुण धारोष्ण दुधासाठी थांबला आहे आणि त्याच्यापुढे दोघे आहेत. येथे संगीत नको, कारण दुधाची धारच घड्याळाचे काम करते: रिकाम्या पेल्यात ती टणटणते आणि पेला भरत आला की फेसात तिचा आवाज दबत जातो. एक पेला झाला, दुसरा झाला. म्हशीचा भाव काय, यावर गवळी आणि गिऱ्हाईक यांच्या गप्पा रंगतात. त्या खरोखर म्हशीच्याच असाव्यात, त्यांत सूचक बोलणे घुसडले की सगळे फसते. मग तिसरा पेला भरतो. आता तो पिऊन तरुण बोळाकडे निघणार, इतक्यात एक आजोबा लहान नातवाला घेऊन येतात आणि तरुण हातातला पेला त्या पोराला देऊन म्हणतो, "घे बाळा, तू पी आधी. मला काय घाई न्हाई."

गवळी रिकामा पेला उचलतो, आणि पहिली धार पुन्हा टणटणते.