रिपोर्टातला आकडा, काचेवरची किडनी

(नागपुरात धंतोली इथे झालेल्या एका पॅथॉलॉजिस्टच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. श्रोत्यांत पॅथॉलॉजीचे विद्यार्थी होते, तसेच किडनीच्या रुग्णांचे नातेवाईकही.)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन मे महिन्यात, भर दुपारी किडनीच्या एका डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, "अहो, या माणसाचं क्रिएटिनिन साडेपाच आहे, आणि तुम्ही लिहिता की जुनी इजा जवळजवळ नाहीच. स्लाइड तर बदलली नाही ना?" मी स्लाइडवरचा नंबर पाहिला, तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकवरचा पाहिला, काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवली. अदलाबदल झालेली नव्हती. रक्तातला आकडा खरा होता आणि काचेवरची किडनीही (बायोप्सीत सुईने काढलेला तिचा तुकडा) खरी होती. या दोघांचं भांडण हाच आजचा विषय आहे.

आधी आकड्याकडे बघू. क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ किडनीत तयार होत नाही, तो स्नायूंतून येतो. किडनी फक्त ते गाळून बाहेर टाकते. म्हणजे रक्तात ते किती साचलंय यावरून आपण गाळणी कशी चालते याचा अंदाज बांधतो. पण कमवणारा वेगळा आणि खर्चणारा वेगळा असला की शिल्लक बघून खर्च कळत नाही, तसंच हेही आहे. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या पोराचं १.३ कदाचित ठीक असेल, पण काडीसारख्या सत्तरीच्या आजीबाईंचं तेच १.३ आलं तर मी खुर्चीत सरळ होऊन बसेन. आणि काल रात्री सावजीकडे मटणावर ताव मारला असेल, तर आज सकाळचा आकडा थोडा वर दिसू शकतो, कारण शिजवलेल्या मांसातून तयार क्रिएटिनिन पोटात जातं. (हशा) हसू नका, ही खरी गोष्ट आहे. तपासणीच्या आदल्या रात्री वरण-भात खा.

आता नातेवाइकांनी नीट ऐकावं असा मुद्दा. गाळण्याचं काम निम्म्यावर आलं की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. १ चं २ झालं तर घरचे म्हणतात, "एकानंच तर वाढलं!" पण त्या एका अंकात निम्मी गाळणी गेलेली असते. याउलट ५ चं ६ झालं की घरात रडारड होते, आणि हिशेब करून बघितलं तर मूळ क्षमतेच्या २० टक्क्यांवरून साधारण १७ टक्क्यांवर घसरण झालेली असते. नुकसान मोठं झालं ते पहिल्या पायरीवर, आणि तेव्हा कुणाला घाबरायला सुचलं नाही. म्हणून बायोप्सीतलं मोजमाप थेट क्रिएटिनिनसमोर मांडू नका, आलेख वाकडा येतो. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा हिशेबाने काढलेला अंदाज, घ्या. त्याचं अलीकडचं, २०२१ चं सूत्र आता बऱ्याच प्रयोगशाळा वापरतात.

आता सुई. किडनीची बायोप्सी सुईने करण्याची पद्धत रुळली ती १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी आपला अनुभव छापल्यानंतर. सुईतून निघतो तो दीड सेंटिमीटर लांब, मिलिमीटरभर जाड धागा. आकारमानाने बघितलं तर अख्ख्या किडनीचा दहा हजारावा हिस्सासुद्धा नाही. कळमन्याच्या बाजारात व्यापारी पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसतो आणि तळहातावर दाणे घेऊन भाव करतो, ते बघितलंय ना? तेच काम आहे हे. फक्त व्यापाऱ्याला दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा सळई खुपसता येते, आम्हाला तेवढी मोकळीक नसते.

या धाग्यात ग्लोमेरुलस, म्हणजे गाळणीचे गुच्छ, दहा-वीस मिळाले तरी आम्ही खूश. एका किडनीत असे गुच्छ सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात. समजा त्यातले २० टक्के मेलेले आहेत. दहा गुच्छांच्या बायोप्सीत एकही मेलेला न दिसण्याची शक्यता किती? दहा वेळा ०.८ लिहून त्यांचा एकमेकांशी गुणाकार करा. सुमारे ११ टक्के येते. म्हणजे अशा दर नऊ-दहा रुग्णांमागे एकाला मी प्रामाणिकपणे "सगळे गुच्छ शाबूत" असं लिहीन आणि चुकीचा ठरेन.

मग मोजायचं काय, आणि कसं? इथे खडकांच्या अभ्यासकांनी आपल्याला वाट दाखवली. आपल्याच गावात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, तिथल्या माणसांना हे नवीन नाही. १८४७ मध्ये डेलेस नावाच्या फ्रेंच भूवैज्ञानिकाने दाखवलं की खडकाच्या कापलेल्या पृष्ठावर एखाद्या खनिजाने जितका टक्का जागा व्यापली, तितकाच टक्का ते खनिज खडकाच्या आकारमानात असतं. किडनीलाही हाच नियम लागतो. चित्रावर ठिपक्यांची जाळी टाकायची आणि किती ठिपके चिवट धाग्यांवर, म्हणजे फायब्रोसिसवर पडले ते मोजायचं. शंभरातले तीस पडले तर तीस टक्के. शंभरच ठिपके असतील तर चार-पाच इकडेतिकडे होणार, हेही लक्षात ठेवायचं. हे काम कंटाळवाणं आहे. मी निवासी डॉक्टर असताना वहीत उभ्या रेघा मारत केलंय, डोळे भरून यायचे.

आता संगणक मोजतो. मॅसन ट्रायक्रोम रंगात कोलॅजन, म्हणजे त्या चिवट धाग्यांचं प्रथिन, निळं दिसतं, संगणक निळे बिंदू मोजतो, झालं. इतकं सोपं असतं तर मी आज इथे उभा नसतो. रक्तवाहिनीची भिंतही निळी असते, वरचं आवरणही निळं. किडनीच्या आतल्या भागात निसर्गतःच नलिकांमधली (गुच्छातून गाळलेलं पाणी पुढे नेणाऱ्या बारीक नळ्यांमधली) जागा जास्त असते, म्हणून मोजायचं फक्त बाहेरच्या भागात, कॉर्टेक्समध्ये. हे सगळं आधी हाताने वगळावं लागतं. एकदा आमच्याकडे रंगाची नवी बाटली उघडली आणि त्या आठवड्यातल्या सगळ्याच रुग्णांचं फायब्रोसिस वाढलं! रुग्ण तेच, आजार तेच, फक्त निळा रंग गडद झाला होता. तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक तुकडीसोबत एक ओळखीची जुनी काच रंगवायची आणि तिचं मोजमाप आधीशी जुळलं तरच पुढे जायचं.

आता मोजमाप आणि रक्त शेजारी ठेवूया. कुणालाही वाटेल की गाळणीच्या गुच्छांची अवस्था आणि ईजीएफआर यांचं सर्वात घट्ट नातं असेल. तसं निघालं नाही. १९६८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रिसडन, स्लोपर आणि डी वॉर्डनर यांनी गुच्छांच्या आजाराच्याच रुग्णांत दाखवलं की किडनीच्या कामाशी जास्त जुळते ती नलिकांची अवस्था. पुढे जर्मनीत ट्युबिंगेनच्या बोले यांनी वर्षानुवर्षं मोजमापं केली आणि नलिकांमधल्या जागेचं महत्त्व पुन्हा पुन्हा पुढे आणलं.

असं का व्हावं? मला सर्वात आवडणारं उत्तर हे. गुच्छ काचेवर अगदी सुदृढ दिसतो, रक्त त्यात येतं, पण त्याला जोडलेली नलिका सुकून तुटलेली असते. मोटार चालू आहे, विहिरीला पाणी आहे, पण शेताकडे जाणारा पाइपच तुटलाय. असे नलिका नसलेले गुच्छ मोजण्यात निरोगी म्हणून धरले जातात आणि काम मात्र शून्य करतात. शिवाय नलिकांभोवतीच्या बारीक केशवाहिन्या नाहीशा झाल्या की रक्त पुढे सरकायलाच अडचण होते. आणि आपण मघाशी बघितलं तसं, दहा गुच्छांच्या मोजणीत नशिबाचा भाग मोठा असतो, तर नलिका धाग्यात शेकड्यांनी असतात.

विद्यार्थ्यांसाठी एक सापळा सांगून ठेवतो. ईजीएफआरच्या सूत्रात वय आधीच घातलेलं असतं. आणि वय वाढलं की निरोगी माणसाच्या किडनीतही मेलेले गुच्छ वाढतात. म्हणजे तुमच्या आलेखाच्या दोन्ही बाजूंना वय लपून बसलंय. सहसंबंध छान आला म्हणून पेढे वाटण्याआधी वय धरून पुन्हा गणित करा. रक्त बायोप्सीच्या दिवशीचं होतं की महिन्यापूर्वीचं, तेही बघा.

आता त्या फोनकडे परत येतो. तो माणूस उन्हात काम करणारा होता. कंबर दुखते म्हणून आठवडाभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन खाल्ल्या, पाणी कमी, त्यात उलट्या. काचेवर नलिकांच्या पेशी सुजलेल्या, झडलेल्या होत्या, पण निळा रंग जवळजवळ नव्हता. रक्त आजची गोष्ट सांगत होतं आणि निळा रंग गेल्या कित्येक वर्षांची. गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागलं, काही आठवड्यांत क्रिएटिनिन खाली आलं. आलेखावर असा रुग्ण रेषेपासून लांब एकटा पडलेला ठिपका दिसतो. नवशिक्या त्याला 'चुकीची नोंद' म्हणून खोडायला निघतो. मी खोडू देत नाही. उलट मी आधी त्याच ठिपक्याचा केसपेपर मागवतो.

उलट बाजूचा ठिपकाही असतो. आकडा १.१, काचेवर तिसरा हिस्सा निळा. उरलेले गुच्छ फुगून जास्तीचं काम ओढत असतात, म्हणून रक्तात काही दिसत नाही. अशा रुग्णाला "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवलं जातं.

(प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "माझ्या भावाचं क्रिएटिनिन २ आहे. मग किडनी किती टक्के खराब झाली?")

काकाजी, एका आकड्यावरून मी सांगू शकत नाही. कदाचित निम्मी गेली असेल, कदाचित गेल्या पंधरवड्यातच काहीतरी बिघडलं असेल आणि परत येईल. जुने रिपोर्ट आहेत का घरी?

("आहेत ना, एका पिशवीत कोंबून ठेवलेत.")

ती पिशवी घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी फक्त एक करा, सगळे कागद तारखेप्रमाणे लावा.