मिथेनॉलचं पेट्रोल: सगळी करामत भोकांची

नमस्कार मंडळी! हातात सोऱ्या बघून दचकू नका, चकल्या नाही करणार. आज मिथेनॉल या साध्या अल्कोहोलपासून पेट्रोल पाडायचंय.

सोऱ्यात पीठ तेच असतं. शेव पडणार की चकली, ते चकती ठरवते. आपली आजची चकती म्हणजे झेडएसएम-५ नावाचा झिओलाइट, म्हणजे अंगभर अतिसूक्ष्म भोकं असलेला खनिजासारखा पदार्थ. झिओलाइट आपल्याला परका नाही बरं का! पुणे-जळगावकडच्या काळ्या दगडाच्या पोकळीत सापडणारं स्टिलबाइट, तेही झिओलाइटच. झेडएसएम-५ मात्र मोबिल कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. त्याची भोकं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची.

त्यावरून ४०० अंशांच्या आसपास मिथेनॉलची वाफ सोडायची. आतल्या आम्लधर्मी जागांवर मिथेनॉलमधलं पाणी सुटतं. आधी डायमिथाइल ईथर होतं, मग इथिलीन-प्रोपिलीनसारखे छोटे रेणू, मग ते एकमेकांना जोडले जातात. (इथे सोऱ्या मागे पडतो, त्यात पीठ काही बदलत नाही.) जोडणी थांबते कुठे? साधारण दहा-अकरा कार्बनांवर. त्याहून जाडा रेणू भोकातून बाहेरच पडत नाही. आणि पेट्रोल नेमकं याच मापाच्या आतलं!

१०० किलो मिथेनॉल घातलं तर ४४ किलो हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनचे रेणू, म्हणजे आपलं इंधन) आणि ५६ किलो पाणी. तोट्याचा धंदा वाटतो ना? पण जळण्याजोगी बहुतेक ऊर्जा त्या ४४ किलोंतच असते.

एक खट्याळ रेणू मात्र चाळणीतून निसटतो: ड्युरीन. बेंझिनच्या कड्याला चार मिथाइल, पण अंगाने सडपातळ. तो वितळतो ७९ अंशांना, म्हणजे थंडीत कार्ब्युरेटरमध्ये चक्क स्फटिक! म्हणून पेट्रोलचा जड भाग वेगळा काढून, हायड्रोजनसोबत प्रक्रिया करून ड्युरीन कमी करावं लागतं.

हे सगळं कारखान्यात झालंय, न्यूझीलंडमध्ये. तेलसंकटाने पोळलेल्या या देशाकडे माउई या समुद्रातल्या साठ्याचा नैसर्गिक वायू भरपूर होता. वायूपासून मिथेनॉल, मिथेनॉलपासून पेट्रोल असा मोटुनुईचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. दिवसाला सुमारे १४,५०० बॅरल, देशाच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा. रसायनशास्त्र चोख चाललं. पण १९८६ मध्ये जगात कच्च्या तेलाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले, आणि पुढे नव्वदच्या दशकात पेट्रोलचा विभाग बंद करून तिथे मिथेनॉलच विकायला लागले.