पहिलीतल्या आज्या

दक्षिण कोरियाच्या दक्षिण टोकाला गांगजिन जिल्हा आहे. तिथल्या एका गावात सकाळी शाळेची बस येते आणि पाठीला दप्तर अडकवून आज्या तिच्यात चढतात. ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी गावात पहिलीत घालायला एकही मूल नव्हतं. शाळेला कुलूप लागू नये म्हणून, लहानपणी शिकायला न मिळालेल्या बायकांना पहिलीत बसवलं गेलं. सत्तरी गाठलेले, शेतात राबून राठ झालेले ते हात पेन्सिल धरून मुळाक्षरं गिरवू लागले.

याच देशानं एकेकाळी मुलं कमी व्हावीत म्हणून जिवाचं रान केलं होतं. १९६०च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत. देश युद्धातून नुकता सावरत होता, घराघरात खाणारी तोंडं फार. सत्तरच्या दशकात सरकारनं सांगितलं : मुलगा-मुलगी भेद नको, दोनच होऊ द्या, नीट वाढवा. आपल्याकडचा लाल त्रिकोण आठवतो ना, तसंच. पुढं तर 'दोनसुद्धा जास्तच' इथपर्यंत मजल गेली. लोकांनी ऐकलं. २०२३मध्ये ही सरासरी ०.७२वर आली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाच २.१ लागते.

आता तेच सरकार मुलं होऊ द्या म्हणतंय. कारण पेन्शनच्या फंडात भरणारे हात घटताहेत आणि त्यातून घेणारे वाढताहेत. २०२४च्या अखेरीस दर पाच माणसांतला एक पासष्टी ओलांडलेला होता. त्यात शेजारी उत्तर कोरिया, आणि सक्तीच्या लष्करी सेवेला जाणारी तरुण पोरं दरवर्षी कमीच.

म्हणून बाळाच्या पहिल्या वर्षी आईबापांना दरमहा दहा लाख वॉन मिळतात. रक्कम लहान नाही. पण सोलमध्ये घर घ्यायचं म्हणजे कंबरडं मोडतं. शाळा सुटली की मुलांचे क्लास सुरू, त्यांची फी वेगळी. ऑफिस रात्री उशिरापर्यंत चालतं. आणि बाळंतपणाची रजा घेतलेली बाई परत येते, तेव्हा तिची बढती दुसऱ्याला गेलेली असते. ही बाई कशाला दुसरं मूल होऊ देईल? मला वाटतं, सरकारनं आधी तिचं म्हणणं ऐकावं. २०२४मध्ये एका बाईमागच्या मुलांचा आकडा ०.७५ झाला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच थोडा वर सरकला.

गांगजिनच्या शाळेतल्या एका आजीला, अक्षरं आली की एकच करायचं होतं : आपल्या मुलांना स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं.