अश्वत्थाम्याची शिक्षा संपली का?

(पडद्यावर: पाटावर बसलेलं लहान पोरगं, औक्षणाचं तबक, निरांजन.)

पोराचा वाढदिवस असला की त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि घरात आजी असेल तर ती तो श्लोक म्हणणारच. अश्वत्थामा बलिर्व्यासो हनूमांश्च विभीषणः, कृपः परशुरामश्च सप्तैते चिरजीविनः. सात चिरंजीव, त्यांच्यासारखं उदंड आयुष्य आमच्या पोराला मिळू दे, असा साधा अर्थ. आता यादीत पहिलं नाव कोणाचं आहे बघा. ज्याने रात्री झोपलेल्या छावणीत घुसून द्रौपदीची पाचही पोरं मारली, आणि तेवढ्यावर न थांबता एका न जन्मलेल्या बाळावर अस्त्र सोडलं, त्याचं. आणि हे आपण पोराच्या वाढदिवसाला म्हणतो!

महाभारतातले व्हिलन म्हटलं की दुर्योधन, शकुनी, दुःशासन ही नावं आधी येतात, पण त्यांच्यावरून फार वाद होत नाहीत. कर्णावरून होतात पण तो विषय आता नको, त्याचे फॅन फार आहेत. अश्वत्थाम्याचं मात्र विचित्र आहे. निम्मे लोक म्हणतात बिचारा, बापाला कपटाने मारलं त्याच्या, दुसरं काय करणार होता. आणि निम्मे म्हणतात याला माफी नाहीच, कुठल्याच जन्मात नाही. तर खरंच हा माणूस सुधारण्याच्या पलीकडचा होता का, हे आपण बघू, पण सिरीयलमधल्या अश्वत्थाम्यावरून नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत कित्येक दशकं हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती तयार झाली, जी 1966 साली पूर्ण झाली, त्यातली गोष्ट मुख्यतः धरू, आणि लागेल तिथे भागवताकडे जाऊ.

लहानपण पटकन सांगतो. द्रोणाच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची पोरं दूध पितात हे बघून हा रडायचा, मग पोरांनी याला पिठाचं पाणी प्यायला दिलं आणि हा खुळा आनंदाने नाचायला लागला की मी दूध प्यालो, मी दूध प्यालो. आणि बाकीची हसली. वाईट वाटतं ऐकून, नक्कीच. पण मला विचाराल तर निवाडा करताना याला फार भाव देऊ नये. हल्ली प्रत्येक व्हिलनला एक दुःखी फ्लॅशबॅक देऊन टाकतात आणि प्रेक्षक विरघळतात. गरिबीत वाढलेली पोरं काय कमी होती का तेव्हा, सगळे कुठे रात्री खून करत फिरले.

खरी जखम युद्धाच्या पंधराव्या दिवसाची. द्रोण आवरत नाही म्हटल्यावर भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, आरोळी ठोकली, आणि जन्मात खोटं न बोललेल्या युधिष्ठिराने त्यावर शिक्का मारला. हत्ती हा शब्द त्याने पुटपुटला फक्त. द्रोणाने शस्त्रं खाली ठेवली, रथातच ध्यान लावून बसला, आणि तशा बसलेल्या म्हाताऱ्याचं डोकं धृष्टद्युम्नाने उडवलं. अर्जुन लांबून ओरडत होता मारू नका, जिवंत आणा, पण ऐकलं कोणी नाही. म्हणजे बघा, बापाला मारायचं हत्यार म्हणून स्वतःच्याच मरणाची खोटी बातमी वापरली गेली. हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याला शांत राहा म्हणायला आपली जीभ उचलत नाही.

(युद्धभूमीचं रेखाचित्र. धुरळा, मोडके रथ.)

आणि आता जे सांगणार आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला वाटतं पूर्ण केसमधली सर्वांत महत्त्वाची साक्ष हीच. सतरावा दिवस. बाप मरून दोन दिवस झालेत. भीमाने दुःशासनाला मारून त्याचं रक्त प्यायलंय आणि आता कर्ण आणि अर्जुन समोरासमोर येतायत. अशा वेळी अश्वत्थामा दुर्योधनाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, बाबा रे पुरे आता, पांडवांशी समेट कर, आग लागो या युद्धाला. गुरू गेले, भीष्म गेले, राहिलेल्यांना तरी जगू दे. अर्जुन माझ्या शब्दाने थांबेल, कर्णाला मी थांबवतो. हे कोण बोलतंय? ज्याच्या बापाचं मुंडकं परवा उडवलं तो! सूड डोक्यात असताना सुद्धा युद्ध थांबवायची भाषा करणारा कौरवांच्या बाजूला त्या क्षणी हा एकटा दिसतो. दुर्योधन सुस्कारा टाकतो, म्हणतो तू म्हणतोस ते खरं आहे, पण भीमाने दुःशासनाला मारताना जे बोललं ते ऐकल्यावर आता कसला समेट. विषय संपला.

म्हणून मी म्हणतो की हा माणूस मुळातूनच सडलेला नव्हता. जो मुळातून सडलेला असतो त्याला समेट सुचतच नाही. आणि गंमत अशी की याच गोष्टीने त्याची बाजू भक्कम पण होते आणि पुढे तीच त्याच्या अंगावर पण येते, कारण थांबता येतं हे त्याला कळत होतं.

अठराव्या दिवसाची रात्र. दुर्योधन मांडी फुटून पडलाय, गदेचा नियम मोडून भीमाने कमरेखाली घाव घातलाय. अकरा अक्षौहिणीतले कौरवांच्या बाजूने लढणारे उरलेत तिघं, अश्वत्थामा, त्याचा मामा कृप आणि कृतवर्मा. वडाच्या झाडाखाली बाकी दोघं झोपलेत, याला झोप नाही. वर फांदीवर कावळे झोपलेत, एक घुबड येतं आणि एकेक कावळा मारत सुटतं. झालं, याला आयडिया मिळाली. मामाला उठवतो. आणि कृप काय म्हणतो ते ऐका, तो म्हणतो आत्ता झोप, सकाळी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू, ते सांगतील तसं करू. झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला मारणं धर्मात बसत नाही. यावर अश्वत्थाम्याचं उत्तर असं की धर्माचा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडलाय, आणि बापाच्या मारेकऱ्यांना झोपेत मारल्यामुळे पुढच्या जन्मी मी किडा झालो, पतंग झालो तरी चालेल.

म्हणजे रागाच्या भरात झालं, भान नव्हतं, हा बचाव इथेच पडला. त्याला किंमत माहीत होती आणि ती द्यायची तयारी पण होती.

छावणीत काय झालं ते सौप्तिक पर्वात आहे आणि वाचवत नाही. धृष्टद्युम्नाला त्याने लाथांनी मारलं. तो म्हणत होता निदान शस्त्राने मार, वीराचं मरण दे, तेही दिलं नाही. दारावर कृप आणि कृतवर्मा उभे, जो पळेल त्याला कापायला. हो, तोच कृप, थोड्या वेळापूर्वी धर्म सांगणारा, आणि तोही त्याच सात चिरंजीवांत आहे, पण त्याचा हिशोब कोणी मागत नाही.

इथे एक गैरसमज काढायला पाहिजे. आपण लहानपणापासून ऐकलंय की अंधारात त्याला वाटलं हे पाच पांडवच आहेत, चुकून द्रौपदीची पोरं मेली. मूळ गोष्टीत तसं नाही. धृष्टद्युम्न मेला हे ऐकून पोरं जागी झाली, धनुष्यं घेऊन त्याच्यावर धावली, आणि त्याने एकेकाला ओळखून मारलं. नंतर मरायला टेकलेल्या दुर्योधनाला जाऊन त्याने ही बातमी अभिमानाने सांगितली, की द्रौपदीची सगळी पोरं गेली, पांचाल संपले, त्यांच्याकडे सात उरले आणि आपल्याकडे तीन. दुर्योधन खूश होऊन मेला. लोकांनी नंतर ही चुकीची पळवाट का घातली असेल ते समजतं, एवढं सहन होत नाही ऐकणाऱ्याला, पण पळवाट ती पळवाटच.

(गंगेचा काठ, गवताची काडी, क्लोजअप.)

तरीपण इथपर्यंत मी त्याच्यासाठी वाद घालायला तयार आहे. पूर्ण युद्धच घाण झालं होतं, भीष्माला शिखंडीच्या आडून पाडलं, कर्णाचं चाक रुतलेलं असताना मारलं, दुर्योधनाची मांडी फोडली. त्या सगळ्यात ही रात्र सर्वांत घाण, पण जात तीच.

पण गोष्ट इथे थांबत नाही ना. पांडव त्याला शोधत येतात, तो गंगेकाठी व्यासांजवळ अंगाला तूप फासून, दर्भ नेसून बसलेला सापडतो. भीमाला बघून घाबरतो आणि हातातल्या गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, पांडव उरू नयेत म्हणून. द्रोणाने त्याला बजावलं होतं की हे माणसांवर टाकायचं नाही. अर्जुनही तेच सोडतो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात, दोघांनी मागे घ्या. अर्जुन घेतो. याला घेता येत नाही, तेवढी साधना नाही. आणि आता तो व्यासांना सांगतो की रागाने पेटलेल्या मनाने मी हे पाप केलंय. पाप हा शब्द तो स्वतःच्या तोंडाने वापरतो. डोक्यावरचा मणी द्यायला पण तयार होतो. आणि त्याच बोलण्यात सांगतो की हे अस्त्र आता पांडवांच्या गर्भावर पडेल. कृष्ण मध्ये बोलतो की उत्तरेच्या, म्हणजे अभिमन्यूच्या बायकोच्या, पोटी परिक्षित होणार आहे, तर हा उलट म्हणतो की नाही, ज्या गर्भाला तू वाचवायला बघतोयस त्याच्यावरच ते पडेल.

पाप कबूल केलं आणि पुढच्या वाक्यात त्याहून मोठं केलं. माझ्यासाठी त्याची केस इथे हरली. कारण याच्या आधीच्या प्रत्येक कृत्यात सुडाचा काहीतरी हिशोब लागतो, धृष्टद्युम्नाने बापाला मारलं म्हणून तो, पांचालांचा म्हणून शिखंडी. उत्तरेने काय केलं होतं? नवरा चक्रव्यूहात गेलेली, सोळा-सतरा वर्षांची पोर असेल फार तर, आणि पोटातल्या त्या जिवाला तर अजून कुठली बाजूच नव्हती. भागवतात तर क्रम अजून जड आहे. तिथे अर्जुन त्याला जनावरासारखा बांधून द्रौपदीपुढे आणून टाकतो, आणि ती म्हणते सोडा त्याला, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. पाच मुलं गमावलेली बाई हे बोलते. मग मणी काढून, डोकं भादरून त्याला हाकलून देतात, आणि त्यानंतर उत्तरा धावत येते की माझ्या पोटाकडे अस्त्र येतंय. म्हणजे तिथे माफी आधी मिळाली आणि गर्भावरचा वार नंतर.

आता शिक्षा. सगळ्यांना वाटतं कृष्णाने त्याला कलियुग संपेपर्यंत भटकायचा शाप दिला. महाभारतात आकडा स्पष्ट आहे, तीन हजार वर्षं. एकटा, निर्जन जागी, कोणाशी एक शब्द बोलता येणार नाही, अंगाला रक्ता-पुवाचा वास. भयानक आहे, पण मुदत आहे! परंपरेने कलियुग इसवी सनापूर्वी 3102 ला सुरू झालं असं धरतात. युद्ध त्याच्या छत्तीस वर्षं आधी धरा, म्हणजे ही शिक्षा येशूच्या जन्माआधीच संपली. तरी आपण त्याला अजून सोडलेलं नाही. दुसरीकडे दुर्योधन, ज्याने शेवटपर्यंत कशाचाच पश्चात्ताप केला नाही, तो युधिष्ठिराच्या आधी स्वर्गात जाऊन आसनावर बसलेला दिसतो. युधिष्ठिर सुद्धा चिडतो ते बघून, आणि बरोबर चिडतो.

आणि हे पण बघा, शाप ऐकल्यावर अश्वत्थामा भांडत नाही. व्यासांना म्हणतो की या पुरुषोत्तमाचं बोलणं खरं होवो. मणी देतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जंगलात निघून जातो. माफी मागत नाही, पण शिक्षा नाकारत पण नाही.

(सातपुडा, दिवाळीचे दिवस. डोंगराच्या सोंडेवरून चढणारी माणसांची रांग.)

हे जंगल लोकांनी आपल्याकडे आणून ठेवलंय. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला अस्तंभा डोंगर, 1325 मीटर. धनत्रयोदशीच्या सुमारास इथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते, नंदुरबार, गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं येतात, आदिवासी जास्त. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडावर महादेवाच्या पिंडीवर पहाटे कोणीतरी फूल वाहून जातं आणि तो तोच, असं सांगतात. नर्मदेच्या परिक्रमावासियांकडे तर याचे किस्से संपत नाहीत. सातपुड्यातलं म्हणणं असं की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, आणि डोंगरात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. ग्रंथात हे काहीच नाही. कोणाशी बोलता येणार नाही असा ज्याला शाप, त्याच्याकडे लोकांनी वाट सांगायचं काम दिलं.

तरी माझं मत विचाराल तर, वाट दाखवून उत्तरेचं फिटत नाही. परिक्षित वाचला तो कृष्णामुळे, याच्यामुळे नाही. पण कायमचा बाद असा शिक्का मारायला मी कचरतो, आणि त्याचं कारण पुराणातच आहे. विष्णुपुराणात आणि भागवतात पुढच्या, म्हणजे आठव्या मन्वंतराच्या (मन्वंतर म्हणजे एका मनूची कारकीर्द) सप्तर्षींची यादी येते. त्यात व्यास आहेत, परशुराम आहेत, कृप आहे आणि हा पण आहे. ज्या भागवताने त्याचं डोकं भादरलेलं दाखवलं त्यातच! आणि विष्णुपुराण अजून एक पाऊल पुढे जातं, म्हणतं येत्या द्वापारात द्रोणाचा हा मुलगा व्यास होईल. व्यास ही जागा आहे, दर द्वापारात नवा माणूस येतो, वेदांची विभागणी करायला. म्हणजे पुढच्या वेळी लेखणी याच्या हातात. त्या माणसाने कधी ती रात्र आणि ती गवताची काडी लिहायला घेतलीच तर मला एवढंच बघायचंय, की उत्तरेच्या बाबतीत तो परत मी रागात होतो म्हणतो की आणखी काही. तोपर्यंत माझा निकाल राखून ठेवलाय, तुमचा काय तो तुम्ही ठरवा.